दख्खनच्या शेताचे तुकडे आणि विद्वानांचें संशोधन

विद्यापीठांतील संशोधनाविषयीं सुशिक्षित समाजांत दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. एक मत असें कीं, ग्रंथालयांत बसून केलेल्या संशोधनानें कोणाच्या पोटाला भाकरी मिळत नाहीं. म्हणून तो रिकामपणाचा उद्योग होय. दुसरें मत याच्या अगदीं उलट. प्रश्न दारिद्र्याचा असो, जातिभेदाचा असो कीं कर्जबाजारीपणाचा असो, चार तज्ज्ञांची समिती नेमून तिचा अहवाल छापला कीं प्रश्न सुटलाच, अशी या पक्षाची श्रद्धा असते. वस्तुतः हीं दोन्ही मतें एकाच अज्ञानांतून निघालेलीं आहेत. संशोधन काय करूं शकतें आणि काय करूं शकत नाहीं, हें एखाद्या प्रश्नाचा इतिहास प्रारंभापासून पाहिल्यावांचून कळत नाहीं. असा एक इतिहास आपल्या घरचाच आहे. दख्खनच्या शेतकऱ्याची जमीन पिढीगणिक लहान होत गेली, तिचे तुकडे पडत गेले, आणि या गोष्टीचा उलगडा करण्यासाठीं अनेक बुद्धिमान माणसांनीं आपली विद्या खर्च केली. त्यांनीं काय पाहिलें, काय सुचविलें आणि त्यांतून काय निष्पन्न झालें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

या इतिहासाचा पूर्वरंग कर्जाचा आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव करून कर्जरोखे जाळले, आणि ही आग पुणें व नगर या जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरली. सरकारनें चौकशीमंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारापासून संरक्षण देणारा कायदा केला. त्याच सुमारास, १८७८ पासून, पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकांत न्यायमूर्ति रानडे व त्यांचे सहकारी शेतसारा, दुष्काळ व कर्ज यांचा आंकडेवार विचार करूं लागले. १८८३ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सरकारी कामगार आणि भिक्षुकशाही यांच्या जाचाकडे बोट दाखविलें. या सर्व प्रयत्नांत कळकळ होती आणि बुद्धीहि होती. परंतु एका कुटुंबाजवळ जमीन किती, ती किती ठिकाणीं विखुरलेली, तींतून धान्य किती निघतें आणि खर्च वजा जातां हातीं काय उरतें, असा एका गांवाचा घरोघर फिरून केलेला हिशेब हातीं यावयास आणखी एक पिढी जावी लागली.

तो हिशेब मांडला एका रसायनशास्त्रज्ञानें. डॉ. हॅरॉल्ड मॅन हे इंग्रज गृहस्थ आसामांतील चहाच्या मळ्यांवर संशोधन करून १९०७ सालीं पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्रिन्सिपॉल झाले. मातीचें पृथक्करण करणाऱ्या या माणसाच्या ध्यानांत लौकरच आलें कीं, मातींतील द्रव्यें मोजून शेतीचें रहस्य उलगडत नाहीं. ती माती ज्याच्या हातीं आहे, त्याचा संसारहि मोजला पाहिजे. पुण्याजवळ पवनेच्या कांठीं असलेलें पिंपळे सौदागर हें लहानसें गांव त्यांनीं निवडलें, आणि महाविद्यालयांतील सहकाऱ्यांच्या साह्यानें त्या गांवाची जमीन, पाणी, पिकें, गुरें, कर्ज व कुटुंबांची मिळकत यांची बारकाईनें नोंद केली. १९१७ सालीं हा अभ्यास मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रीय मालेंतील पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथांतील एक लहानशी आंकड्यांची ओळ पुढें फार गाजली. जुन्या दप्तरांच्या आधारें मॅनसाहेबांनीं दाखविलें कीं, या गांवीं १७७१ सालीं सरासरी खातें ४० एकरांचें होतें. १८१८ सालीं तें १७॥ एकरांवर आलें. १८२० ते १८४० या काळांत सुमारें १४ एकर झालें. आणि १९१४-१५ सालीं अवघें ७ एकर उरलें. हे सात एकरहि एका ठिकाणीं नव्हते. गांवांतील १५६ खातेदारांची जमीन सातशेंहून अधिक तुकड्यांत विभागलेली होती आणि त्यांपैकीं निम्म्याहून अधिक तुकडे एकेका एकरापेक्षांहि लहान होते. ज्या १०३ कुटुंबांचा जमाखर्च तपासला, त्यांपैकीं केवळ ८ कुटुंबें निव्वळ जमिनीवर निभावत होतीं. २८ कुटुंबें बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यामुळें तरत होतीं. आणि उरलेलीं ६७ कुटुंबें दोन्ही मिळकती एकत्र करूनहि स्वतःच्याच राहणीच्या मानाला पुरीं पडत नव्हतीं. पिंपळे सौदागर पुण्याखडकीजवळ असल्यानें तेथें निदान मजुरी तरी होती. म्हणून मॅन यांनीं ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरचें, कोरडवाहू असें जातेगांव बुद्रुक हें दुसरें गांव घेतलें. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांत शेंकडा ८५ कुटुंबें तुटीचीं निघालीं.

येथें क्षणभर थांबून, हे तुकडे पडतात कसे, हें पाहणें अवश्य आहे. कारण शहरांतील मनुष्य यास शेतकऱ्याचा अडाणीपणा समजतो. दोन गोष्टी येथें निरनिराळ्या आहेत. बापाची वीस एकर जमीन चार मुलांत वांटली म्हणजे प्रत्येकास पांच एकर येते. हें झालें विभाजन. परंतु त्या वीस एकरांत ओढ्याकांठची काळी जमीन असते, माळावरची मुरमाड असते, आणि विहिरीखालचा बागाइताचा पट्टा असतो. एका भावानें सगळी काळी घ्यावी आणि दुसऱ्यानें सगळा माळ घ्यावा, हें कोणत्या न्यायास धरून होईल? म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनींत चौघांचाहि वांटा पडतो, विहिरीवर मोटेच्या पाळ्या ठरतात, आणि बांधांची संख्या वाढत जाते. शिवाय कोरडवाहू मुलुखांत पावसाचा नेम नसतो; खालच्या शेतांतलें पीक पाण्यानें कुजलें तर वरच्या शेतांतलें हातीं लागतें, ही सोयहि त्यांत असते. तात्पर्य, शेताचा तुकडा हें मूर्खपणाचें फळ नसून भावाभावांतील न्यायाचें फळ आहे. एका घरांतला न्याय साऱ्या गांवाच्या दारिद्र्यास हातभार लावतो, हेंच या प्रश्नाचें खरें दुर्घटत्व होय.

या दुखण्यावर औषध कोणतें? मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे प्रमुख कीटिंग यांनीं १९१२ सालीं दख्खनच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला होता. ज्या खात्यावर एक कुटुंब बऱ्यापैकीं सुखानें राहूं शकेल, तें खातें किफायतीचें, अशी त्यांची व्याख्या होती. आणि त्याहून लहान तुकडे पडूं नयेत असा निर्बंध असावा, असा त्यांचा कल होता. बडोदें संस्थाननेंहि याच प्रश्नाचा विचार करण्यासाठीं समिती नेमली होती. सगळ्यांचा रोख एकच : खातें मोठें करा, म्हणजे शेतकरी सुखी होईल.

या विचारसरणीस पहिला शास्त्रशुद्ध विरोध १९१८ सालीं झाला, आणि तो करणारे गृहस्थ त्या वेळीं सत्तावीस वर्षांचे होते. भीमराव आंबेडकर न्यूयॉर्क व लंडन येथें अर्थशास्त्राचा अभ्यास करून नुकतेच परतले होते. भारतीय अर्थशास्त्र परिषदेच्या नियतकालिकांत त्यांनीं लहान खात्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा कीं, कुटुंबाला किती लागतें यावरून शेताची किफायत ठरवणें हीच मूळची चूक आहे. किफायत ही उत्पादनाची गोष्ट आहे, उपभोगाची नव्हे. जमीन, श्रम आणि भांडवल यांचें प्रमाण जुळलें तर लहान खातेंहि किफायतीचें ठरेल. बैल, अवजारें व पाणी नसतील तर मोठें खातेंहि ओसाड पडेल. दख्खनच्या शेतकऱ्याजवळ जी साधनसामुग्री आहे, तिच्या मानानें त्याचें खातें उलट मोठेंच आहे. खरें दुखणें असें कीं, दुसरा उद्योग नसल्यामुळें सारी लोकसंख्या जमिनीवर येऊन पडली आहे आणि तींतील मोठा भाग बेकार बसून खात आहे. हे जादा हात कारखानदारींत गेल्यावांचून बांध मोडून कांहीं साधणार नाहीं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वाचकांनीं हें लक्ष्यांत घ्यावें कीं, मॅन आणि आंबेडकर यांच्या पाहण्यांत वस्तुस्थितीविषयीं मोठा मतभेद नव्हता. जमीन लहान होत आहे, हें दोघांसहि मान्य. भेद होता तो कारणाविषयीं. आणि कारण बदललें कीं औषध बदलतें. हा वाद पुस्तकीच राहिला असता तर त्यास फारसें महत्त्व आलें नसतें. परंतु १९२७ सालीं मुंबई सरकारनें लहान खात्यांसंबंधीं विधेयक कायदे कौन्सिलापुढें आणलें, तेव्हां त्याच निबंधाचे लेखक तेथें सभासद म्हणून बसले होते. ऑक्टोबर महिन्यांतील भाषणांत त्यांनीं दाखवून दिलें कीं, तुकडे एकत्र करून एकाच्या हवालीं केल्यास उरलेले वांटेकरी भूमिहीन होतील; त्याऐवजीं मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून लहान शेतकऱ्यांनीं सहकारानें एकत्र शेती करावी. तें विधेयक विरोधामुळें मागें पडलें. ग्रंथालयांत झालेला विचार हजारो कुटुंबांच्या भाकरीशीं कसा जाऊन भिडतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

पुढील पर्व पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचें आहे. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीमुळें १९३० सालीं भारतसेवक समाजाच्या आश्रयाखालीं ही संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वाई तालुक्यांतील शेतीच्या जमाखर्चाची पाहणी १९४० सालीं आणि पुणें शहराच्या आर्थिक पाहणीचा पहिला भाग १९४५ सालीं संस्थेनें प्रसिद्ध केला. एका गांवाऐवजीं तालुका, खेड्याच्या जोडीस शहर, आणि एकट्या विद्वानाऐवजीं पाहणी करणाऱ्यांचें पथक, असा हा विस्तार होता. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनें जी अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली, तिच्या समितींत गाडगीळ होते. १९५४ सालच्या तिच्या अहवालानें दाखविलें कीं, शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकीं सहकारी संस्थांकडून मिळणारा भाग शेंकडा ३ च्या आसपास, तर सावकारांकडून मिळणारा सुमारें ७० होता. अर्ध्या शतकाच्या सहकारी चळवळीनंतरचा हा आंकडा कोणाचीहि निराशा करण्यास पुरेसा होता. परंतु गाडगीळ केवळ आंकडे देऊन थांबले नव्हते. प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. लहान खातेदारानें आपला बांध न मोडतां भांडवल व यंत्रें यांत भागीदार व्हावें, ही कल्पना तेथें प्रत्यक्षांत उतरली. मात्र ती उतरली ती पाटाच्या पाण्याच्या प्रदेशांत; जातेगांवसारखें कोरडवाहू शिवार त्या वैभवास पारखेंच राहिलें.

दरम्यान १९४७ सालीं मुंबई सरकारनें तुकडेबंदी व एकत्रीकरण यांचा कायदा केलाच. प्रत्येक भागासाठीं प्रमाणभूत क्षेत्र ठरविण्यांत आलें. त्याहून लहान तुकडा लगतच्या खातेदारावांचून इतरांस विकण्यास बंदी झाली. आणि गांवोगांव एकत्रीकरणाच्या योजना निघाल्या. परंतु कागदावर थांबलेली वांटणी शेतांत थांबली नाहीं. भाऊबंदांचीं नांवें एकाच सातबाऱ्यावर चढत राहिलीं आणि बांध मात्र तोंडी करारानें पडत राहिले. अनेक गांवीं गटाचा नकाशा आणि प्रत्यक्ष वहिवाट यांचा मेळ बसला नाहीं, आणि त्या विसंवादांतून नवीन तंटे उद्भवले. १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील सरासरी खातें ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ च्या गणनेंत तें १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आलें. पिंपळे सौदागर येथील सात एकरांचें सरासरी खातें मॅनसाहेबांस चिंताजनक वाटलें होतें. आज तें साऱ्या राज्याच्या सरासरीच्या दुपटीहून मोठें ठरेल.

मग हें सर्व संशोधन व्यर्थ गेलें काय? आमच्या मतें नाहीं. मॅन यांच्या मोजणीमुळें दारिद्र्य हा आळसाचा परिणाम आहे, असें म्हणण्याची सोय उरली नाहीं. आंबेडकरांच्या चिकित्सेमुळें एका घातक उपायास वेळीं आळा बसला. गाडगिळांच्या पाहण्यांतून निदान एका प्रदेशांत नवी संस्था उभी राहण्यास बळ मिळालें. अपयश आलें तें जेथें कायद्यानें आंकडा उचलला आणि कारण मागें ठेवलें तेथें. खात्यांचा आकार मोजला गेला म्हणून आकारावरच उपाय झाला. शेताबाहेरचा रोजगार, पाणी आणि भांडवल यांचा प्रश्न तसाच राहिला.

आणखी एक गोष्ट या साऱ्या हिशेबांत फार काळ कडेला राहिली. खातें ज्याच्या नांवावर त्याची गणती झाली. ज्याचें खातेंच नाहीं त्या शेतमजुराची आणि ज्या घरांतील मुलीस वांटाच नव्हता तिची गणती कशी व्हावी? १९९४ सालीं महाराष्ट्रांत आणि २००५ सालीं साऱ्या देशांत कायद्यानें हिंदु कुटुंबांतील मुलीस मुलाच्या बरोबरीनें वडिलोपार्जित मिळकतींत हक्क दिला. तरीहि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतांना ‘जमिनीचे आणखी तुकडे नकोत’ हेंच कारण पुढें केलें जातें. भावाभावांत ज्या न्यायासाठीं शेताचा प्रत्येक पट्टा चिरला गेला, तो न्याय बहिणीच्या वेळीं एकाएकीं न परवडणारा ठरतो! तुकड्यांच्या या जुन्या प्रश्नास हात घालणाऱ्या नव्या संशोधकानें प्रथम या घरांत शिरलें पाहिजे. शेत किती लहान आहे, हें शंभर वर्षांपूर्वींच मोजून झालें आहे. तें लहान राखण्याची किंमत कोण देतें, हें मोजावयाचें अद्याप पुष्कळ उरलें आहे.