एक पायरी खाली : सुरक्षित जोडणीतील वाटाघाटींचा इतिहास

सोलापूर–अक्कलकोट मार्गावरील वळसंग हे सीमाभागातील गाव. या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शेजारी नांदतात. दोन अनोळखी माणसे भेटली की कोणत्या भाषेत बोलायचे, हे पहिल्या एकदोन वाक्यांतच ठरते. याच गावातील एखाद्या मोबाइलवर बँकेचे संकेतस्थळ उघडले जाते, तेव्हाही क्षणार्धात असाच ठराव होतो. निवड मात्र भाषांची नसते, एकाच सांकेतिक भाषेच्या नव्या-जुन्या आवृत्त्यांची असते.

नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये एसएसएल २.० हा प्रोटोकॉल, म्हणजे गुप्त संभाषणाचा नियमसंच, प्रसिद्ध केला. १९९६ मध्ये ३.० आवृत्ती आली, १९९९ मध्ये टीएलएस १.० आणि २००८ मध्ये टीएलएस १.२. वाटाघाटीचा नियम सोपा होता. ब्राउझरने आपल्याला येणारी सर्वांत नवी आवृत्ती सांगावी. सर्व्हरला ती येत नसेल, तर त्याने आपल्याला येणारी त्याखालची आवृत्ती कळवावी.

कागदावर निर्दोष! परंतु अनेक सर्व्हरांची चाचणी तत्कालीन आवृत्त्यांपुरतीच झाली होती. नवा आकडा दिसताच ते उत्तर देण्याऐवजी जोडणीच तोडत. वापरकर्त्याची अडचण होऊ नये म्हणून ब्राउझर एक पायरी खाली उतरून पुन्हा विचारू लागले. तेही फसले, तर आणखी एक पायरी.

हे सौजन्य महागात पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये गूगलच्या बोडो म्योलर, थाय डुओंग आणि क्षिश्तोफ कोतोविच यांनी ‘पूडल’ हा हल्ला उघड केला. वाटेत बसलेल्या हल्लेखोराने मुद्दाम जोडणी तोडत राहायचे. ब्राउझर बिचारा उतरत उतरत अठरा वर्षे जुन्या एसएसएल ३.० पर्यंत यायचा. तेथे सरासरी २५६ विनंत्यांमागे लॉगिन राखणाऱ्या कुकीचा एक बाइट हाती लागे. पूर्ण कुकी मिळाली की खातेही उघडे.

ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ ने मजेशीर तडजोड केली. जुन्या रकान्यात ती स्वतःला १.२ च म्हणवते. खरी यादी वेगळ्या पुरवणीत असते. शिवाय १.३ जाणणाऱ्या सर्व्हरला खाली उतरावे लागले, तर तो आपल्या यादृच्छिक आकड्यांच्या शेवटी ठरावीक खूण ठेवतो. ती ओळखणारा ब्राउझर तेथेच बोलणे थांबवतो.

आणि चाचणी? डेव्हिड बेंजामिन यांची युक्ती जानेवारी २०२० मध्ये ‘ग्रीस’ या नावाने नोंदली गेली. नावाप्रमाणे वंगणच ते. १६ निरर्थक आकडे राखून ठेवले गेले. क्रोम त्यांतील एखादा आवृत्त्यांच्या यादीत मिसळून पाठवतो. निकोप सर्व्हर त्याकडे दुर्लक्ष करतो. अनोळखी आकडा पाहून ज्याला घेरी येते, त्याचा दोष पुढची आवृत्ती येण्याआधीच उघडा पडतो.