गाडीतला मुका रेडिओ

आमच्या घरातली पहिली गाडी म्हणजे दादाची, थोरल्या भावाची, जुनी फियाट. तिच्यात रेडिओ होता! रात्री अमरावतीहून परतताना आकाशवाणी नागपूर लावलं की गाण्यामागे घरघर यायची. गाडीने वेग घेतला की घरघरीचा सूरही चढायचा. एकदा दादाने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. घरघर गायब, गाणं स्वच्छ. "बघ, रेडिओचा दोष नाहीच."

हे दुखणं गाडीतल्या रेडिओइतकंच जुनं. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटारीसाठी रेडिओ काढला, 'मोटोरोला' हे नाव तेव्हाचंच. इंजिनच्या प्लगमधली ठिणगी स्वतःच रेडिओलहरी सोडते, आणि त्या एरियलमध्ये शिरतात. म्हणून प्लगच्या तारांना रोधक आणि डायनामोला कंडेन्सर लावायचा, हा त्यावरचा उपाय.

नागपूरचं रेडिओ केंद्र १९४८चं. पुढे १९८८ साली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आपल्याच गावाहून सुरू झाली, १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून. मध्यलहरी रात्री फार लांब जातात आणि नागपूर देशाच्या मध्यावर! ती वाहिनी २०१९ साली बंद झाली. असो.

आता गाडीत घरघर नसते, एकदम मौन असतं. पुतण्याच्या गाडीचं तसंच झालं. पडद्यावर गाण्याचं नाव दिसतं, आवाज नाही. एका दुकानात सांगितलं, सेट गेला, नवा घ्या, अडतीस हजार. मला काही पटेना. मी गाडी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेली.

तो म्हणाला, "सर, सेट बोलून राहिला जी, डिकीतल्या अॅम्प्लिफायरला ऐकू नाही येत." आजकाल सेट आणि अॅम्प्लिफायर पीळ घातलेल्या दोन तारांवरून निरोप पाठवतात. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे आणलेली ही 'कॅन' पद्धत. एकेका कामाला वेगळी तार नको, सगळे त्याच जोडीवर बोलतात. उघड्या टोकावरून निरोप विहिरीतल्या हाकेसारखा परत फिरू नये म्हणून दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक असतो. दोन सारखे रोधक समांतर असले की मीटर निम्मं, म्हणजे ६० दाखवतं. (मी मराठी-इतिहासाचा मास्तर, हे त्याने मला कागदावर काढून दाखवलं. शाळेत हाच गणिताच्या तासाला बाहेर उभा असायचा.)

त्याने बॅटरी सोडवली, मधल्या जोडावर मीटर लावलं. १२०! एक टोक गळालेलं. कोणतं? त्याने सेटची पिन उपसली, तर मीटरवर काहीच येईना. म्हणजे दिसत होते ते १२० सेटकडचेच, सेटकडची वाट शाबूत. मग डिकीचा गालिचा उचलला. गाडी धुताना पाणी झिरपून तिथल्या जोडावर हिरवा कळंक चढला होता, बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक राहिल्यावर चढतो तसा. घासूनपुसून नवी पिन बसवली. मीटरवर ६०, आणि आवाज सुरू!

तो पैसे घेत नव्हता, मी पाचशे रुपये बळेच दिले. पुतण्याने मात्र तोवर नव्या सेटची आगाऊ रक्कम भरून टाकली होती. ती परत मिळवायचं भांडण अजून चालू आहे.