हाली की कलदार?

"हाली देता का कलदार?" गुळाचा खडा तागडीत टाकताना दुकानदार विचारतो आणि तुम्ही गोंधळता. तुमच्या तळहातावरच्या रुपयावर चारमिनार आहे, म्हणजे हाली. सात हाली मोजले की सहा कलदार, म्हणजे भारत सरकारचे रुपये, होतात, हे इथल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. साल १९५२, महिना जानेवारी, गाव कळमनुरी. जिल्हा परभणी, राज्य हैदराबाद. आगगाडी धरायची तर शेजारच्या हिंगोलीला जावं लागतं. भारतीय फौजेच्या पोलीस कारवाईला सव्वातीन वर्षं होऊन गेली. निजामाचं राज्य गेलं, पण निजाम गेला नाही. तो राजप्रमुख आहे आणि त्याला सालाला पन्नास लाखांचा तनखा चालू आहे. मुख्यमंत्री वेल्लोडी हे दिल्लीने नेमलेले आयसीएस अधिकारी. त्यांना कोणी निवडून दिलेलं नाही. तहसिलीतले कागद अजून उर्दूत आहेत. अशा या मुलखात या महिन्यात साधा माणूस पहिल्यांदा मत देणार आहे.

बाजारातून पुढे चला. कापसाच्या गाड्या उभ्या आहेत, बैल सोडलेले, जुवं जमिनीला टेकलेलं. टहाळाच्या पेंढ्या घेऊन बाया बसल्यात. एका गाडीपाशी आवाज चढलाय. लेव्हीचा वाद आहे. सरकार ठरल्या भावाने शेतकऱ्याकडून धान्य घेतं, पटवारी पिकाचा अंदाज लावतो, आणि या म्हाताऱ्याच्या मते त्याच्या शेताचा अंदाज फुगवलाय. "खळ्यात पडलं त्याच्याहून लेव्हीच जास्ती लावली मालक. खावं काय आमी?" त्याचा धाकटा भाऊ कंट्रोलच्या दुकानापुढे रांगेत उभा आहे. एकाच घराने धान्य स्वस्त घालायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहून विकत आणायचं. हे दोघे भाऊ लक्षात ठेवा. संध्याकाळी त्यांच्याच शेजारी तुम्हाला बसायचं आहे.

दिवेलागणीला शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची सभा आहे. गॅसबत्तीत हवा भरून भरून एका पोराचा दंड भरून आलाय. जाळी आधी तांबूस आणि मग पांढरी होते, आणि एकदम समोरचे शेदोनशे चेहरे उजळतात. घोंगडी पांघरलेली माणसं, मुंडासेवाले, टोपीवाले, मागे अंधारात पदर ओढून उभ्या असलेल्या काही बाया. खांबाला लाल बावटा बांधलेला आहे. वक्ता तरुण आहे, त्याला सगळे "भाई" म्हणतात. या पक्षात हीच हाक. कम्युनिस्ट असते तर "कॉम्रेड" म्हणाले असते. पण हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आहे. तेलंगणातला सशस्त्र लढा त्यांनी आत्ताच, ऑक्टोबरात, मागे घेतलाय, आणि निवडणूक ते पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने लढवताहेत. त्यांचे मराठी पुढारी व्ही. डी. देशपांडे उभे आहेत तेही तिकडे तेलंगणातल्या इप्पगुड्यातून.

तुम्हाला वाटतं, भाई आता पाण्याचं बोलेल, रस्त्याचं बोलेल. तो खिशातून एक हाली रुपया काढतो.

बत्तीच्या उजेडात तो रुपया उंच धरून तो विचारतो, याची किंमत कोण ठरवतं? कोणी म्हणतं, सावकार. कोणी म्हणतं, सरकार. भाई म्हणतो, लंडन. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने आपला पौंड तीस टक्क्यांनी उतरवला आणि दिल्लीने लगोलग रुपयाही तेवढाच उतरवला. पाकिस्तानने उतरवला नाही. त्या भांडणात दोन्ही देशांचा व्यापार अडला, तिकडून येणारा ताग आणि कापूस अडकला. "आपण इंग्रजांच्या राष्ट्रकुलात कामून राहिलो?" तो विचारतो. डाव्यांचं पहिलं मागणं हेच आहे: राष्ट्रकुलातून बाहेर पडा. दुसरं, चहाचे मळे, खाणी, बँका, गिरण्या यांत अडकलेलं इंग्रजी भांडवल जप्त करा आणि देशाच्या मालकीचं करा. १९५१ च्या कम्युनिस्ट कार्यक्रमात ही कलमं स्पष्ट लिहिलेली आहेत. शेकापने १९५० साली मालेगावजवळच्या दाभाडीत जो प्रबंध मंजूर केला, त्यात मार्क्सवाद स्वीकारून जगाच्या दोन छावण्यांपैकी समाजवादी छावणीची बाजू घेतलेली आहे.

म्हातारा तुमच्या कानाशी लागतो, "लंडन म्हंजी मुंबईच्या पल्याड का?" तुम्ही मान हलवता. तो समाधानाने पुढे ऐकू लागतो. त्याला अंतराशी कर्तव्य नाही. आपल्या घामाचा भाव कुठेतरी दुसरीकडे ठरतो, एवढं त्याला आधीपासून ठाऊक होतं. आज त्याला ठिकाण कळलं.

आता भाई गव्हावर येतो. १९५० च्या शेवटी आपल्या सरकारने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं. कोरियात लढाई चालू होती, नेहरू अमेरिकेच्या तालावर बोलत नव्हते, चीनला त्यांनी मान्यता दिली होती, म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्या मागणीचा काथ्याकूट महिनोन्महिने चालला. शेवटी जून १९५१ मध्ये एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज म्हणून ते धान्य मंजूर झालं. दरम्यान रशियातून आणि चीनमधूनही धान्य आलं. "उपाशी माणसाकडून कोण काय लिहून घेतं, त्याच्याकडे ध्यान ठेवा," भाई सांगतो. कोरियावर बोलताना तो कापसावर येतो. लढाई पेटल्यापासून जगभर कापूस महागला, पण इथे सरकारने कमाल भाव बांधून दिलाय. गाडीवाले चुळबुळतात. भाव बांधल्याने फायदा कोणाचा झाला, गिरणीमालकाचा की तुमचा, असं तो विचारतो आणि उत्तर न देता थांबतो.

इथे मी तुम्हाला थोडं अडवतो. परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या शहाण्यांचा विषय आहे, खेड्यातल्या माणसाला बांधाचं आणि विहिरीचं सांगावं, हे आपण आज किती सहज मानतो! सत्तर वर्षांपूर्वी ज्यांच्या सहीच्या जागी अंगठा उठायचा, अशा माणसांपुढे डाव्या कार्यकर्त्यांनी कोरिया, पौंड, राष्ट्रकुल हे विषय मांडले. अणुबाँबवर बंदी घाला म्हणणाऱ्या १९५० च्या स्टॉकहोम आवाहनावर त्यांनी देशभर फिरून सह्या आणि अंगठे जमा केले. यापेक्षा मोठा मान शेतकऱ्याला दुसऱ्या कोणत्या राजकारणाने दिल्याचं मला दिसत नाही.

भाई आता घरी परततो, म्हणजे जमिनीवर. जहागिऱ्या १९४९ साली खालसा झाल्या, पण जहागीरदारांना मोबदला मिळतोय. १९५० चा कूळ कायदा आलाय, संरक्षित कुळांची नावं लागायची आहेत, आणि नाव लागण्याआधीच मालक कुळाला शेतावरून उठवतोय. डाव्यांचं म्हणणं असं: मोबदला नको, कसणाऱ्याला जमीन द्या, सावकाराचं कर्ज रद्द करा, आणि निजामाच्या या तीन भाषांच्या राज्याचे भाषेप्रमाणे भाग करून मराठवाडा महाराष्ट्राला जोडा. सभेतला सगळ्यात दाट आवाज याच वेळी उठतो. मागच्या अंधारातल्या एका बाईच्या कडेवरचं पोर दचकून रडायला लागतं.

एक कोपरा मात्र गप्प आहे. तिथे काही मुसलमान कुळं बसलीत. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, ते चौकशीला आलेल्या सुंदरलाल समितीने दिल्लीला कळवलं होतं. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावोगाव काय केलं, तेही सगळ्यांच्या ध्यानात आहे. या सभेत हिंदू-मुसलमान दोघांनाही एकाच नावाने हाक मारली जाते: कूळ. माझ्या लेखी या सभेची सगळ्यात मोलाची गोष्ट ही आहे.

मतदानाच्या दिवशी तुम्ही रांगेत आहात. आत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. कागद कोणत्या पेटीत टाकायचा एवढंच ठरवायचं. बोटाला शाई लागते. म्हातारा बाहेर येऊन बोट उन्हात धरून बघतो, पुसून बघतो, निघत नाही म्हटल्यावर खूश होतो.

निकाल ऐका. विधानसभेच्या १७५ जागांपैकी काँग्रेसला ९३ मिळाल्या, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटला ४२, शेकापला १०. देशपांडे विरोधी पक्षनेते झाले. लोकसभेला परभणीतून शेकापचे नारायणराव वाघमारे निवडून आले, आणि बीडमधून फ्रंटचे रामचंद्र परांजपे. मराठवाड्याने पहिल्याच झटक्यात दोन डावे खासदार दिल्लीला धाडले.

इथून पुढची वर्षं भराभर बघा. १९५५ च्या हिवाळ्यात ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात येतात, नेहरूंबरोबर त्यांचा जयजयकार होतो, भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहणार असतो. आणि ज्यांनी नेहरूंना साम्राज्यवाद्यांचे साथी म्हटलं होतं त्यांना आपली वाक्यं बदलावी लागतात. १९५६ च्या शरदात इंग्रज आणि फ्रेंच सुएझवर उतरतात, रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरतात. सुएझवर कम्युनिस्ट पक्ष कडाडला, हंगेरीत मात्र त्याने रशियाची बाजू घेतली. ही चूक लहान नव्हती. ज्या डाव्या राजकारणाने कळमनुरीच्या माणसाला लंडनकडे बोट दाखवायला शिकवलं, त्याने मॉस्कोकडे बोट दाखवायची वेळ आल्यावर हात खाली घेतला. १९६२ चं चीन युद्ध झालं, १९६४ साली पक्ष दुभंगला. शेकापचे पुढारी केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे तोवर केव्हाच काँग्रेसमध्ये परतले होते. कम्युनिस्टांच्या पडझडीची मुळं मला याच हात खाली घेण्यात दिसतात.

पण मागण्यांचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडू. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६९ मध्ये १४ बँका सरकारी झाल्या. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि त्याच साली रशियाशी मैत्रीचा करार झाला. ज्या काँग्रेसविरुद्ध १९५२ साली डाव्यांनी मागण्या मांडल्या, तिनेच त्यातल्या कितीतरी अमलात आणल्या. कसणाऱ्याला जमीन ही मागणी मात्र अर्धीच पुरी झाली. भारत राष्ट्रकुलात आजही आहे.

आता परत या. कळमनुरी हिंगोली जिल्ह्यात आहे; तो जिल्हा १ मे १९९९ ला झाला. हाली नाणं कुणाच्या तरी आजीच्या डब्यात सापडलं तर सापडेल. शिवारात सोयाबीन, हळद, कापूस. ऑगस्ट २०२५ मध्ये, बोंडं फुटायच्या तोंडावर, केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क तात्पुरतं काढलं. त्याच महिन्यात अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला होता. मे महिन्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क निम्म्यावर आणलं होतं, आणि सोयाबीनचा भाव तेलाशी बांधलेला असतो. हे तिन्ही निर्णय कळमनुरीच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरतात, मग त्याने त्यांचं नाव ऐकलेलं असो वा नसो.

तुमच्या गावात पुढची सभा होईल तेव्हा सभामंडपाचं, रस्त्याचं, दिव्यांचं जरूर विचारा. पण उमेदवार कोणत्याही रंगाचा असला तरी त्याला उभं करून हेही विचारा: बाहेरच्या कापसावर कर किती हवा, तेलावर किती हवा, आणि दिल्लीत त्यासाठी तू कधी तोंड उघडलंस? उत्तर मिळेपर्यंत त्याला खाली बसू देऊ नका.