परतीची वाट

शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत शैक्षणिक साधनांचा इतिहास बहुधा एका रांगेत मांडलेला असतो. आधी फळा-खडू, मग तक्ते आणि नकाशे, मग प्रोजेक्टर, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि सरतेशेवटी संगणक. मागचं साधन पुढच्यापेक्षा कमी प्रतीचं, हे त्या मांडणीत न बोलताच गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे १९५६ पासून २०१० पर्यंत झालेले मोठे प्रयोग शेजारी ठेवून पाहिले, तर ही रांग मोडते. त्यांतला सगळ्यात फलदायी म्हणावा असा प्रयोग साध्या रेडिओवर झाला, आणि सगळ्यात झगमगत्या प्रयोगाचं शाळेपुरतं फळ अगदी बेताचं निघालं. साधन किती नवं होतं यावरून या फरकाचा उलगडा होत नाही. शिकणाऱ्याचा प्रश्न उलट शिकवणाऱ्यापर्यंत पोचायची सोय होती की नव्हती, हे पाहिलं की तो बराचसा होतो.

शिक्षणशास्त्राने संप्रेषणाचा आराखडा ज्याच्याकडून उचलला तो क्लॉड शॅनन हा शिक्षक नव्हता. बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करणारा गणिती आणि अभियंता होता. १९४८ च्या त्याच्या निबंधाचा विषय होता तारेतून संदेश कमीत कमी बिघाडाने कसा पाठवायचा. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. तरीही प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक असे बाण काढलेली ती आकृती वर्गाचं चित्र म्हणून पुस्तकापुस्तकांतून छापली गेली. नॉर्बर्ट वीनरने त्याच वर्षी मांडलेली प्रत्याभरणाची (फीडबॅकची) कल्पना आणि विल्बर श्रॅमने १९५४ मध्ये आग्रहाने सांगितलेली गोष्ट, की बोलणारा आणि ऐकणारा यांच्या अनुभवांचा काही भाग सामाईक असल्याशिवाय अर्थ पोचत नाही, या दोन्ही पुढे त्याच आकृतीत एक वळलेला बाण म्हणून बसवल्या गेल्या. हा बाण परीक्षेत न चुकता काढला जातो, साधनं विकत घेताना मात्र तो कुणाला आठवत नाही. एडगर डेलच्या अनुभव-शंकूचीही तीच गत झाली. १९४६ मध्ये डेलने तो मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, पाहिलेलं तीस टक्के, ही आकडेमोड नंतर कुणीतरी चिकटवली आणि ती डेलच्या नावावर खपत राहिली.

आता पुण्याकडे येऊ. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग केला. कल्पना कॅनडातली होती. तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ-मंडळं चालत होती. इथे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे १५० गावं निवडली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावात एक सार्वजनिक संच आणि त्याच्याभोवती ठरलेल्या सभासदांचं श्रोतेमंडळ. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. आपल्या रानात हे जमेल का, बी कुठून आणायचं, खर्च कुणी सोसायचा, असले प्रश्न निघाले की संयोजकाने ते टिपून पुणे केंद्राला कळवायचे आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमांतून त्यांची उत्तरं द्यायची. गावाला बोलायला लावायचं आणि ते बोलणं लिहूनही काढायचं, असं दुहेरी काम संयोजकाकडे होतं. सगळा प्रयोग त्याच्या वहीवर उभा होता.

या प्रयोगाचं मोल त्याच्या मापनात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने ते काम केलं आणि पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याची मांडणी केली. मंडळ असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं आणि रेडिओच नसलेली गावं, अशी तिहेरी तुलना होती. मंडळांच्या गावांत माहितीत ठसठशीत वाढ दिसली. रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांत ती फारच थोडी होती. नभोवाणी तीच, आवाज तोच, भाषाही तीच. तफावत होती ती कार्यक्रमानंतरच्या बोलण्यात आणि पुण्याला जाणाऱ्या पत्रांत. यावर असं म्हणता येईल की हे प्रौढ शेतकरी होते, शाळकरी मुलं नव्हेत, आणि मंडळात मुळात उत्साही माणसंच आली असणार. दुसऱ्या हरकतीत तथ्य आहे. मंडळात यायला माणूस थोडा पुढाकार घेणारा असावाच लागतो. पण नुसत्या उत्साहाने माहिती वाढत असती, तर रेडिओ असलेल्या इतर गावांतले उत्साही लोकही चार गोष्टी जास्त शिकले असते. पहिल्या हरकतीचं उत्तर पुढच्या प्रयोगात मिळतं, कारण त्यात मुलं होती.

दिल्लीत १९६१ पासून माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीवरून धडे सुरू झाले. प्रयोगशाळांची आणि विज्ञान शिकवू शकणाऱ्या शिक्षकांची चणचण हे त्यामागचं कारण होतं, आणि फोर्ड फाउंडेशनचा पैसा मिळाला होता. तो प्रकल्प शहरापुरता राहिला. खरी झेप १ ऑगस्ट १९७५ ला घेतली गेली. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरायला मिळाला आणि आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून चित्र उतरू लागलं. हाच ‘साइट’ प्रकल्प. नासाशी करार झाला होता १९६९ मध्ये, विक्रम साराभाईंच्या हयातीत; प्रकल्प प्रत्यक्षात उतरला तेव्हा त्यांना जाऊन साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. धुरा सांभाळणाऱ्यांत यशपाल होते आणि कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते. खेड्यात उभी राहिलेली अँटेना तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. अवकाशातून येणारा संकेत धरायला असली जाळी पुरते, हे त्या काळच्या अभियंत्यांनी दाखवून दिलं, आणि त्याबद्दल त्यांची पाठ थोपटायलाच हवी. उपग्रहाच्या एका चित्रवाहिनीला दोन ध्वनिवाहिन्या होत्या, त्यामुळे तेच चित्र दोन भाषांत ऐकता येई. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी.

मुलांच्या वाट्याला मात्र काय आलं? मूल्यमापनात मुलांची भाषा आणि नव्या गोष्टी जाणून घ्यायची उत्सुकता वाढल्याचं आढळलं. शालेय विषयांतल्या यशात दखल घ्यावी असा फरक पडला नाही. यावर प्रकल्पाच्या बाजूने जे म्हटलं जातं ते रास्त आहे. हे कार्यक्रम पाठ्यक्रमाला बांधलेले नव्हतेच. वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे अभ्यासक्रम एका सकाळच्या दीड तासात मावणार कसे? मग परीक्षेतल्या गुणांवरून त्यांना नापास ठरवणं हा अन्याय होतो. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. पाठ्यक्रमाशी नातं का जुळलं नाही, याचं कारण केवळ राज्यांची संख्या नव्हतं. वर्गात आज काय चाललंय, मुलांना काय कळलं नाही, हे कार्यक्रम बनवणाऱ्यांपर्यंत रोजच्या रोज पोचेल अशी वाटच आखलेली नव्हती. उपग्रह एकाच दिशेने बोलत होता. संशोधक खेड्यांत जाऊन राहिले आणि त्यांची निरीक्षणं पुढे फार मोलाची ठरली, पण एका मुलाला सोमवारी पडलेल्या शंकेचं उत्तर मंगळवारी देता येईल, असं त्या कामाचं स्वरूप नव्हतं.

आणि याच प्रकल्पाच्या पोटात उलटी साक्ष देणारा भाग आहे. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्यासाठी बारा दिवसांचं प्रशिक्षण दोन फेऱ्यांत झालं आणि त्यात सुमारे ४८ हजार शिक्षक सामील झाले. तिथे पडदा एकटा नव्हता. रेडिओ होता, छापील साहित्य होतं, जवळपास मिळणाऱ्या वस्तूंतून करून पाहायचे प्रयोग होते, आणि गटाला चर्चेत धरून ठेवणारा एक माणूस होता. म्हणजे पुण्याच्या श्रोतेमंडळाची रचना, वीस वर्षांनी, उपग्रहाच्या खाली. साइटच्या शैक्षणिक बाजूबद्दल कुणी भरभरून बोलतं तेव्हा बहुतेक वेळा हाच भाग समोर ठेवला जातो. हा निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

पुस्तकं आणि फळा तरी कुठे उलट बोलतात, ही सगळ्यात जुनी हरकत. पण पुस्तक वर्गात कधीच एकटं नसतं, त्याच्या शेजारी शिक्षक असतो. पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी तर परतीच्या वाटेसाठीच घडवल्यासारखी होती: मुलाने बोटाने अक्षर काढायचं, चूक तिथल्या तिथे दिसायची, हात फिरवून ती पुसायची आणि पुन्हा काढायचं. अँड्र्यू बेलने मद्रासजवळ मुलांना वाळूत लिहिताना पाहिलं, आपल्या अनाथाश्रमात ते सुरू केलं आणि १७९७ मध्ये लंडनमध्ये त्यावर पुस्तक काढलं. इंग्लंडात त्याचं कौतुक झालं ते स्वस्तपणामुळे. एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुलं बसवता येतात म्हणून. वाळू परदेशी गेली, पण प्रत्येक मुलाची चूक पाहणारी नजर त्या गर्दीत मॉनिटर नावाच्या थोराड मुलांवर सोपवली गेली. स्वस्ताईच्या नावाखाली आधी काय कापलं जातं, याचा हा पहिला धडा म्हणायला हरकत नाही.

खर्चाचा मुद्दा आहेच, आणि तो वजनदार आहे. पुण्याचा प्रयोग १९५९ मध्ये देशभर नेला, हजारो मंडळं निघाली आणि पुढे ती विझत गेली. संयोजक मिळेनात, मिळाले तर टिकेनात, पत्रांना उत्तरं द्यायला केंद्रांकडे माणसं नाहीत. परतीची वाट महाग पडते, कारण तिच्यावर यंत्र चालत नाही, माणूस चालावा लागतो. पण तिला लागणारा पैसा यंत्रांच्या तुलनेत किती, हे फारसं जमाखर्चाला लावलं गेलं नाही. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पीज इथलं छोटं प्रक्षेपण केंद्र १९७५ नंतर दशकभर गावकऱ्यांना सोबत घेऊन, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम करत राहिलं आणि १९८४ मध्ये युनेस्कोने त्याला ग्रामीण संप्रेषणाचं पारितोषिक दिलं. ते एका जिल्ह्यापुरतं होतं, म्हणून त्याला प्रयोग म्हणायचं आणि देशव्यापी प्रक्षेपणाला धोरण म्हणायचं, अशी आपली वहिवाट पडली.

त्या वहिवाटीनेच पुढचा काळ गेला. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. मराठी मुलांसाठी मराठी शिक्षकांनी आणि कलावंतांनी केलेले कार्यक्रम एका पिढीने पाहिले. २०१७ मध्ये ती बंद पडली तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती जुन्या गोड आठवणींबद्दल. त्या कार्यक्रमांनी वर्गात काय घडलं, यावर फारशी चर्चा झाली नाही. २० सप्टेंबर २००४ ला तर निव्वळ शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला गेला. या वेळी तंत्राची अडचण उरली नव्हती. विद्यार्थ्याला दूरच्या शिक्षकाशी बोलता यावं अशी दुतर्फा केंद्रं त्यात शक्य होती आणि ती बसवलीही गेली. इस्रोने दिलेल्या आकड्यांनुसार सुमारे ५६ हजार शाळा-महाविद्यालयं या जाळ्यात आली. त्यांतल्या सुमारे ५१ हजार ठिकाणी फक्त ऐकायची आणि पाहायची सोय होती. उलट बोलता येईल अशी केंद्रं पाच हजारांच्या आत राहिली.