सातारा-सांगलीतील रेणवीय जीवशास्त्राच्या शिक्षणाची पार्श्वभूमी

सातारा व सांगली परिसराच्या शैक्षणिक इतिहासात १९१९ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी सांगली परिसरात विलिंग्डन महाविद्यालय सुरू झाले, तर काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली. १९५८ मध्ये रयतचे विज्ञान महाविद्यालय साताऱ्यात उभे राहिले. १९६२ साली त्या शोधास नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षण या जिल्ह्यांच्या जवळ आले. तथापि पेशी व रेणूंचे शास्त्र प्रयोगशाळेवाचून आत्मसात होत नाही आणि तेथवर पोहोचण्याचा खर्च शेतकरी कुटुंबास सहज पेलत नाही. साताऱ्यात १९४७ पासून महाविद्यालयीन स्तरावर रुजलेल्या ‘कमवा व शिका’ योजनेचे मोल येथेच स्पष्ट होते.