चाळलेले आणि निवडलेले

तांदूळ चाळले म्हणजे निवडून झाले, असे पनवेल तालुक्यातल्या गव्हाणसारख्या गावात कोणी म्हणणार नाही. गर्भाच्या चाचण्यांबाबत मात्र आपण ही गफलत सर्रास करतो.

१९७२ साली एडिंबरोच्या ब्रॉक आणि सटक्लिफ यांना मज्जासंस्थेच्या गंभीर व्यंगात गर्भजलातील एक प्रथिन वाढलेले आढळले. पुढे १९८८ मध्ये वॉल्ड व सहकाऱ्यांनी आईच्या रक्तातील तीन घटक आणि तिचे वय यांवरून डाऊन सिंड्रोमची शक्यता काढण्याची रीत मांडली. तिचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येतच नाही. ते ‘२५० मध्ये १’ असे येते. म्हणजे अशा २५० जणींपैकी २४९ जणींच्या बाळांत तो दोष नसतो! मग गर्भजल तपासायचे आणि निकालाची वाट पाहायची. तोवर आई दिवस मोजते.

दिवस कायदाही मोजतो. आईच्या जिवाला धोका नसेल, तर १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला २० आठवड्यांची मर्यादा होती. २००८ मध्ये, खाडीपलीकडे मुंबईत, एका दांपत्याला गर्भाच्या हृदयातील दोष २४ व्या आठवड्यात कळला. डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने जे. जे. रुग्णालयाच्या तज्ज्ञांचे मत मागवले. बाळ गंभीर अपंगत्व घेऊनच जन्मेल, असे छातीठोकपणे कोणालाच सांगता आले नाही. ४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला. त्याच महिन्यात गर्भ आपोआप पडला. तज्ज्ञांना दोष द्यावा, असे आम्हांला वाटत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर, गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास आठवड्यांची अट उरलेली नाही. ‘मोठे’ कशाला म्हणायचे, हे मंडळाला दर वेळी ठरवावे लागते.