पांडवलेण्यातला पडीक जमिनीचा हुकूम

आज फवारणी-खताची नोंद नाही, जरा जुन्या काळातल्या वावराची गोष्ट आहे.

नाशिकचं पांडवलेणं आपण हायवेनं जाता-येता खालूनच बघतो. मार्केटला माल टाकून परत निघाल्यावर तासभर काढा आन वर जा. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी. मधल्या कातळात एका ओळीत 24 लेणी. 18 नंबरचं चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं. बाकीची बरीचशी भिक्षूंची राहायची : मधी मोठा चौक, तिन्ही बाजूंनी खोल्या, झोपायला दगडाचे ओटे. पाणी साठवायला टाकी कातळातच खोदलेली. आजच्या शेततळ्याला कागद लागतो, त्यांना लागला नाही!

आमची आजी सांगायची, पांडवांनी वनवासात एका रात्रीत हे कोरलं, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धं राहिलं. आता भिंतीवरच्या लेखात अर्जुन आन भीमसेन ही नावं खरंच आहेत, पण ती कोरणारे म्हणून नाही. राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम त्यांच्यासारखा होता असं म्हटलंय.

मला मात्र त्याच तीन नंबरच्या लेण्यातला दुसरा मजकूर जास्त भावतो. सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. गौतमीपुत्रानं राज्याच्या 18 व्या वर्षी गोवर्धनच्या अंमलदाराला हुकूम दिला, की पश्चिम काखडी गावातलं 200 निवर्तनं शेत इथल्या भिक्षूंना द्या. निवर्तन म्हणजे तेव्हाचं जमिनीचं माप. वर सवलती काय, तर त्या शेतात शिपायानं शिरायचं नाही, कोणी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात लिहावं तसं सगळं लिहिलंय.

आता पुढं ऐका. 24 व्या वर्षी दुसरा हुकूम, राजाचा आन राजमातेचा मिळून. काखडीचं दिलेलं शेत कोणी कसत नाही, गावातही वस्ती नाही. म्हणून त्याऐवजी नगराच्या शिवेवरची आमच्या मालकीची 100 निवर्तनं द्या.

गाव का उठलं ते लेखात नाही. माझा अंदाज लढाईचा. हे शेत आधी उषवदाताकडं होतं, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाकडं. गौतमीपुत्रानं नहपानाचं राज्य मोडलं. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला 1906 साली नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या 9 हजारांवर गौतमीपुत्रानं आपला छाप मारलेला. नाण्यावर दुसरा छाप मारता येतो, उठून गेलेला कुणबी परत आणता येत नाही. मला कौतुक याचं वाटतं, की दान दिलं म्हणून सरकार गप्प बसलं नाही. शेत पडीक आहे हे दगडात कबूल केलं आन बदली जमीन दिली. क्षेत्र निम्मं झालं खरं, पण कसणारी माणसं जवळ असलेली 100 निवर्तनं ओसाड 200 पेक्षा कधीही बरी.

दहा नंबरच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंच्या जेवणासाठी त्यानं अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून नगराच्या वायव्य शिवेवरचं शेत 4000 कार्षापणांना घेतलं. ते अश्विभूतीचं वडिलोपार्जित होतं, हेसुद्धा लिहिलंय. शिवाय 2000 कार्षापणं विणकरांच्या श्रेणीत महिना शेकडा एक व्याजानं ठेवली. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंना कपडा. पुढं आभीर राजाच्या काळात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव कुंभार, तेली आन पाण्याची यंत्रं करणाऱ्यांच्या श्रेणीत ठेवली. पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची वेगळी श्रेणी होती, हे इंजिन-मोटारवाल्यांनी वाचावं.

राहिलं वन्यजीवांचं. अंधाऱ्या खोल्यांत वटवाघळं असतात, बॅटरी मारून उठवू नका. द्राक्षं खाणारं वटवाघूळ वेगळं. लेण्यात राहणारी बहुतेक बारकी, किडे खाणारी. आपल्या पिकावरचे पतंग ती रात्री फुकट उचलतात. कपारीला आग्या मोहोळ लागलेलं असलं तर आरडाओरडा, धूर, भडक अत्तर नको. बिबट्याचा वावर आपल्या जिल्ह्यात ऊस तिथं आहेच, तेव्हा अंधार पडायच्या आत खाली उतरा.

जमिनीचे ते दोन्ही हुकूम तीन नंबरच्या व्हरांड्यात पूर्वेच्या भिंतीवर, छताला लागून आहेत. लिपी ब्राह्मी, आपल्याला वाचता येत नाही, पण वर मान करून बघा.